स्वतःचा मेल सर्व्हर टाका, पण कोटेशन त्यावरून थेट पाठवू नका

डोमेन नाव कसं घ्यायचं हा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "दादा, डोमेन घेतलं. आता मेलसाठी दर महिन्याला माणशी भाडं कशाला भरायचं? सर्व्हर आपलाच टाकला तर?" ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी आपला पत्ता झोहो मेलवर नेल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून तर हा विषय आमच्या समोरच्या चहाच्या गाड्यावरही निघतो. व्हिडिओत मी दोन मिनिटांत उत्तर देऊन मोकळा झालो आणि ते अर्धवट होतं. म्हणून हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे वाचायची गरज नाही. स्वतःचं डोमेन आजच घ्या, त्यात दुमत नाही. स्वतःचा सर्व्हर आवड आणि वेळ असेल तरच टाका. आणि ज्या मेलवर तुमचा धंदा अवलंबून आहे, ते मेल त्या सर्व्हरवरून थेट बाहेर पाठवू नका. हे शेवटचं वाक्य शिकायला मला ३ लाख ४० हजारांची ऑर्डर गमवावी लागली.

आता सविस्तर.

आमचं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे, साताऱ्यात. खोकी, टेप, बबल रोल, स्ट्रेच फिल्म. काउंटरवरच्या गिऱ्हाइकाला मेलशी काही देणंघेणं नसतं, त्याचं काम व्हॉट्सअॅपवर होतं. पण एमआयडीसीतल्या कंपन्यांचं तसं नाही. चौकशी मेलवर, कोटेशन मेलवर, पीओ मेलवर. बाबांच्या काळापासून आमचा एक फुकटचा पत्ता होता, दुकानाचं नाव आणि पुढे पिनकोड. एका मार्च महिन्यात सकाळी तो उघडेना. संशयास्पद हालचाल दिसली म्हणून खातं बंद केलंय, असा संदेश. परत मिळवायचा तर ओटीपी जुन्या मोबाइल नंबरवर जाणार, आणि तो नंबर आम्ही दोन वर्षांपूर्वीच सोडून दिलेला. चूक माझी, मान्य. पण फोन करून विचारावं तर विचारायचं कुणाला? ११ दिवस मी फॉर्म भरत बसलो. मार्च एंडला! बाराव्या दिवशी खातं आपोआप उघडलं. का बंद झालं आणि का उघडलं, मला आजतागायत माहीत नाही. कंपनीचं नाव घेत नाही. फुकटच्या वस्तूबद्दल तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

त्या ११ दिवसांनी मला सर्व्हर टाकायला लावलं. मी इंजिनिअर नाही, बीबीए आहे. लिनक्स यूट्यूबवर बघून शिकलो, दुकान बंद झाल्यावर, रात्री.

सर्व्हर म्हणजे नेमकं काय टाकतो आपण?

लोकांना वाटतं, एक सॉफ्टवेअर टाकलं की झालं. प्रत्यक्षात ती चार-पाच माणसांची टोळी असते. पोस्टफिक्स हा गेटवरचा माणूस, माल आत घेणार आणि बाहेर पाठवणार. डव्हकॉट हा गोडाउन सांभाळणारा, तुमच्या मोबाइलने मागितलं की मेल काढून देणार. आरस्पॅमडी आलेल्या मालातला कचरा बाजूला काढतो. राउंडक्यूब म्हणजे ब्राउझरमधून मेल बघायची खिडकी. शिवाय लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र, म्हणजे वाटेत कुणी मेल वाचू नये. हे सगळं एकेक करून जोडत बसायचं नसेल तर मेल-इन-अ-बॉक्स किंवा मेलकाऊसारखे तयार संच मिळतात, फुकट, आणि चांगले असतात. फक्त मशीन फार छोटं घेऊ नका. व्हायरस तपासणारा क्लॅमएव्ही एकटाच १ जीबीच्या वर मेमरी खातो.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशीच डोक्यातून काढा, की दुकानातला जुना कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून चालेल. नाही चालणार. लाइट जाते हे सोडा, इन्व्हर्टर असेल तुमच्याकडे. पण घरगुती किंवा दुकानाच्या ब्रॉडबँडचा आयपी पत्ता बहुतेक वेळा बदलता असतो, अनेक ठिकाणी तर एकच आयपी कित्येक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. स्पॅमहाउस नावाची संस्था आहे, जगभरातले मेल सर्व्हर तिच्या याद्या बघतात. तिची एक यादी फक्त अशा आयपींची आहे जिथून थेट मेल येणं अपेक्षितच नाही. तुमच्या दुकानाचं कनेक्शन काहीही गुन्हा न करता त्या यादीत असू शकतं. त्यामुळे भाड्याचं मशीन घ्यावं लागतं, व्हीपीएस. तिथेही गंमत आहेच. अॅमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट या तिघांच्याही क्लाउडवर बाहेर जाणारं पोर्ट २५ मुळातच बंद किंवा मर्यादित असतं, आणि सर्व्हर ते सर्व्हर मेल त्याच पोर्टवरून जातं. मशीन घेण्याआधी कंपनीला दोन प्रश्न विचारा. पोर्ट २५ उघडून देणार का, आणि रिव्हर्स डीएनएस मला लावता येईल का. दोन्हीला हो नसेल तर पैसे भरू नका.

गेटपास

मेलचा जो मूळ नियम आहे, एसएमटीपी, तो १९८२ चा. त्या काळात नेटवर्कवर असलेले लोक एकमेकांना ओळखायचे. त्यामुळे पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी कुणीही कुणाचंही नाव लिहू शकत होतं, आणि तपासायची सोय नव्हती. नंतर चोरटे आले, मग कुलपं आली. आज आपण जी एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशी नावं ऐकतो ती सगळी नंतर लावलेली कुलपं आहेत.

एमआयडीसीत माल घेऊन गेलेल्या माणसाला हे पटकन कळेल. एसपीएफ म्हणजे तुम्ही गेटवर आधीच देऊन ठेवलेली यादी, की आमचा माल या-या टेम्पोतूनच येईल. डीकेआयएम म्हणजे खोक्यावरचं सील, वाटेत कुणी उघडलं तर कळतं. डीमार्क म्हणजे तुमची सूचना, की टेम्पोही यादीतला नाही आणि सीलही आमचं नाही असा माल आमच्या नावाने आला तर काय करा, आत घ्या, बाजूला ठेवा की परत पाठवा. आणि रिव्हर्स डीएनएस म्हणजे गेटवरच्याने टेम्पोचा नंबर बघून मालकाचं नाव काढणं. पहिल्या तीन गोष्टी तुमच्या डोमेनच्या पॅनेलमध्ये टाकायच्या असतात. चौथी मात्र आयपी ज्याच्या मालकीचा, त्याच्याकडेच लागते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी हे सक्तीचं केलं. दिवसाला ५००० पेक्षा जास्त मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना तिन्ही कुलपं हवीत, आणि "मला मेल नको" असं एका टिचकीत सांगायची सोयही. तुमच्या-माझ्यासारख्या छोट्यांनाही निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम, आणि नीट लावलेलं रिव्हर्स डीएनएस पाहिजेच. मे २०२५ पासून आउटलुकनेही मोठ्या पाठवणाऱ्यांसाठी तसंच केलं. मला हे नियम चुकीचे वाटत नाहीत. त्रास होतो, पण आपल्या नावाने दुसऱ्याने मेल पाठवू नये हे आपल्याच फायद्याचं आहे.

डीकेआयएमची एक खोच सांगून ठेवतो, कारण माझे चार दिवस तिथे गेले. २०४८ बिटची चावी लांब असते, आणि डीएनएसच्या एका तुकड्यात २५५ च्या वर अक्षरं बसत नाहीत. काही डोमेन पॅनेल ती आपोआप तोडून दोन तुकड्यांत ठेवतात. माझ्या पॅनेलने ती सरळ कापली. चूक दाखवली नाही, काही नाही. सील अर्धवट छापलेलं, आणि मी मात्र लावतोय, लावतोय.

असो. महिन्याभरात सगळं जमलं. मेल-टेस्टरवर दहापैकी दहा आले तेव्हा मी बायकोला उठवून दाखवलं. तिने "बरं" म्हटलं आणि पुन्हा झोपली.

२५०

दोन वर्षं छान चाललं. खरंच छान. मग व्हीपीएसवाल्यांनी आमचं मशीन नव्या हार्डवेअरवर नेलं आणि आयपी बदलला. आधी कळवलं होतं, त्यांची चूक नाही. मी डोमेनमध्ये नवा आयपी टाकला, एसपीएफच्या यादीत बदल केला, टेस्ट मेल माझ्याच जीमेलवर पाठवलं, पोचलं, आणि झोपलो. रिव्हर्स डीएनएस राहिलं. नव्या आयपीच्या मागे आमच्या नावाऐवजी त्या कंपनीचं आकड्यांनी भरलेलं सरसकट नाव लागलेलं होतं.

त्याच आठवड्यात आमच्या एका जुन्या गिऱ्हाईक कंपनीचं वर्षाचं दरपत्रक होतं. पाच प्लायची खोकी, तीन साइझ. पहिली उचल ३ लाख ४० हजारांची. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत कोटेशन. मी गुरुवारी दुपारीच पाठवलं. लॉग उघडून बघितला, पुढे २५० लिहिलेलं. एसएमटीपीच्या भाषेत २५० म्हणजे ठीक आहे, घेतलं. मी निवांत.

सोमवारी सहज पर्चेसच्या मॅडमना फोन केला. "तुमचं काही आलंच नाही हो. मला वाटलं यावर्षी तुम्हाला नकोय. शुक्रवारीच क्लोज केलं आम्ही."

मी त्यांना लॉगचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यांच्या आयटीवाल्याने शोधलं तेव्हा कोटेशन सापडलं, क्वारंटाइनमध्ये. नवा आयपी, त्याच्यामागे नीट नाव नाही, आणि आत एक्सेलची फाइल. त्यांच्या फिल्टरला संशय यायला एवढं पुरलं. परत पाठवलं असतं तर मला निदान कळलं असतं. त्यांनी घेतलं आणि बाजूला ठेवलं. आणि यात बेकायदा किंवा चुकीचं काहीच नाही, सगळ्या मोठ्या कंपन्या हेच करतात.

माल पोचवणाऱ्यांना मी हे असं सांगतो. २५० म्हणजे गेटवरचा इनवर्डचा शिक्का. जीआरएन नव्हे. शिक्का मिळाला म्हणून बिल पास होत नाही, हे आपल्याला मालाच्या बाबतीत पक्कं माहीत असतं. मेलच्या बाबतीत मी ते विसरलो.

बाबांना संध्याकाळी सांगितलं. ते चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "गुरुवारी पाठवलंस ना? मग शुक्रवारी एक फोन करायचा होतास रे." पंचवीस वर्षं त्यांनी कोटेशन हातात नेऊन दिलं, वर चहा पिऊन आले. मेल आल्यापासून मी गेटच्या आत पाऊलच टाकलेलं नव्हतं.

तर या सगळ्यातून माझं जे मत बनलं ते असं. सर्व्हर चालवणं अवघड नाही. मेल घेणंही अवघड नाही. तुमचं मेल दुसऱ्याने विश्वासाने आत घ्यावं, हे अवघड आहे, आणि ते तुमच्या हातात नाही. विश्वास आयपीच्या इतिहासावर ठरतो. आपण दिवसाला तीस-चाळीस मेल पाठवणारी माणसं. आपला इतिहास तयार व्हायलाही मेल पुरत नाहीत. गूगलचं पोस्टमास्टर टूल्स आहे, मेल पाठवणाऱ्यांसाठी. माझ्या डोमेनसाठी ते बहुतेक दिवस कोरंच असतं, कारण दाखवण्याइतकी मेलच नाहीत. वर शेजार हा एक वेगळाच विषय. तुमच्या शेजारच्या आयपीवर कुणी स्पॅमवाला राहत असेल तर कधी कधी अख्ख्या वस्तीला बंदी होते. भाड्याच्या गाळ्यात शेजारी कोण येणार हे आपण ठरवतो का?

मग मी आता काय करतो

सर्व्हर बंद केला नाही. येणारी सगळी मेल आजही माझ्याच मशीनवर येतात, तिथेच साठतात. फक्त जाणारी मेल पोस्टफिक्समधून एका रिले सेवेकडे जातात आणि तिथून पुढे. जगाला दिसतो तो त्यांचा आयपी, ज्याची पत आधीच बनलेली आहे. अॅमेझॉनची एसईएस सेवा हजार मेलना १० सेंट घेते, म्हणजे माझ्यासारख्याचा महिन्याचा खर्च दोन कटिंग चहाएवढाही नाही. सुरुवातीला ते तुम्हाला बंदिस्त ठेवतात, अर्ज करून मोकळीक मागावी लागते, तेवढा धीर धरा. दुसऱ्याही सेवा आहेत. रिले लावली की एसपीएफच्या यादीत तिचं नाव घालायला विसरू नका. आणि एसपीएफ तपासताना डीएनएसकडे दहाच्या वर खेपा झाल्या की तपासणी सपशेल फेल धरली जाते, म्हणून दिसेल त्या सेवेचं नाव त्यात कोंबत बसू नका.

यावर हमखास एक आक्षेप येतो, "मग स्वतःचं काय राहिलं?" राहिलं ना. साठा माझा आहे. उद्या रिलेवाल्याने मला काढलं तर अर्ध्या तासात दुसरा लावीन, गिऱ्हाइकाला कळणारही नाही. मार्चमधल्या त्या ११ दिवसांसारखं पुन्हा होणार नाही, आणि मला हवं होतं ते एवढंच. गुप्ततेसाठी सर्व्हर टाकतोय म्हणणाऱ्यांना मात्र मी थोडं थांबवतो. जाहिरातींसाठी जीमेलमधला मजकूर वाचणं गूगलने २०१७ मध्येच थांबवायचं जाहीर केलं. आणि तुमचं गिऱ्हाईक जीमेलवर असेल तर तुमच्या प्रत्येक मेलची प्रत तिथे आहेच. गुप्तता हवी म्हणून एवढी मेहनत घ्याल आणि अर्धीच मिळेल.

सांभाळणं

टाकणं हे एका महिन्याचं काम. सांभाळणं हे लग्नासारखं, रोजचं.

लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र माझ्याकडे ९० दिवसांचं येतं आणि आपोआप नवं होतं. पण नवं झालं तरी पोस्टफिक्स आणि डव्हकॉट जुनंच धरून बसतात, त्यांना रीलोड करावं लागतं. ते ऑटोमॅटिक केलं नाही तर एक दिवस दुकानातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर "हा सर्व्हर विश्वासू नाही" असं येतं, आणि तो दिवस नेमका तुम्ही कोकणात असता.

पासवर्डचं तर विचारू नका. पोर्ट उघडल्यापासून काही तासांतच कुणीतरी पासवर्ड ओळखायचा प्रयत्न सुरू करतं, दिवसरात्र, यंत्राने. फेलटूबॅन लावा, तो अशांना बाहेर हाकलतो. पण आमच्या सेल्सच्या खात्याचा पासवर्ड होता दुकानाचं नाव आणि १२३. मीच ठेवलेला, नवीन मुलाला लक्षात राहावा म्हणून. एका रात्री कुणालातरी तो सापडला आणि सकाळी रांगेत हजारो मेल तुंबलेली, सगळी आमच्या नावाने. दोन याद्यांमध्ये आमचा आयपी गेला. काढून घ्यायला पैसे लागले नाहीत, पण आठवडा लागला. आता प्रत्येक खात्याला तासाला किती मेल जाऊ शकतात यावर मी मर्यादा लावलीय. ही मर्यादा पहिल्याच दिवशी लावा. आमचा सेल्सवाला पोरगा कितीही वेगात टाइप करू दे, तासाला शंभर कोटेशन नाही पाठवत.

बॅकअप त्याच मशीनवर ठेवला तर तो बॅकअप नाही. आणि परत उतरवून बघितला नाही तर आहे की नाही हे तुम्हाला माहीतच नाही. जीएसटी कायद्याने हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या ठरलेल्या तारखेपासून ७२ महिने ठेवायची असतात. तुमची बिलं आणि पीओ मेलमध्येच पडून राहत असतील तर तो मेलबॉक्स हेच तुमचं दप्तर झालं. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक जुनं मेल बॅकअपमधून काढून उघडून बघतो. दहा मिनिटं लागतात. लॉगही जपा. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला आणि ठरावीक सायबर घटना ६ तासांत कळवायला सांगितलंय. तुमच्या व्यवसायाला त्यातलं काय लागू होतं हे सल्लागाराला विचारून घ्या.

एका भीतीबद्दल मात्र तुम्हाला दिलासा देतो. "सर्व्हर रविवारी बंद पडला तर आलेली मेल गेली का?" नाही. पाठवणारा सर्व्हर मेल आपल्या रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, साधारण चार-पाच दिवस. उशीर होतो, मेल हरवत नाही. गणपतीत माझा सर्व्हर पावणेदोन दिवस बंद होता, डिस्क भरली म्हणून. चालू केल्यावर तासाभरात सगळं हळूहळू आत आलं.

हिशेब

आता पैशाचं बोलू. मशीनला मला महिन्याला साधारण ७०० रुपये पडतात. आमचे मेलबॉक्स सहा. भाड्याच्या मेलशी तुलना केली तर बचत होते, पण सांगताना लाज वाटावी इतकीच होते. त्यासमोर माझा वेळ आठवड्याला दीड-दोन तास. बीबीएच्या वर्गात अपॉर्च्युनिटी कॉस्ट शिकवली होती, परीक्षेपुरती पाठ केली होती. तेच दोन तास मी एमआयडीसीत एका नव्या कंपनीच्या गेटवर उभा राहिलो तर काय मिळेल, हा विचार मी प्रामाणिकपणे केला, तर सर्व्हर तोट्यातच आहे. मी तो चालवतो कारण मला आवडतो. कुणी बुलेट पुसतं, मी लॉग वाचतो. छंदाला छंद म्हणायला लाजू नका, पण त्याला कॉस्ट कटिंगही म्हणू नका.

तिघा-चौघांचं दुकान असेल तर भाड्याची मेल घ्या, स्वतःच्या डोमेनवर, आणि विसरून जा. झोहो घ्या, गूगल घ्या, मायक्रोसॉफ्ट घ्या, मला त्यात कुणाकडून कमिशन नाही. सर्व्हर कुणाला जमेल? ज्यांच्याकडे चाळीस-पन्नास मेलबॉक्स आहेत आणि प्रत्येकात दिवसाला दोनच मेल येतात. सिक्युरिटी एजन्सी, क्लासेस, गावोगाव शाखा असलेली पतसंस्था. तिथे माणशी भाडं खरंच टोचतं. पण तिथेही सांभाळणारी माणसं दोन हवीत. एक सुट्टीवर गेला की दुसरा. एकट्या भाच्याच्या भरवशावर मेल सर्व्हर टाकू नका. भाचा पुण्याला नोकरीला लागतो. आमच्या बॅचमधल्या एका ताईंच्या संस्थेत हेच झालं. पासवर्ड भाच्याच्या डायरीत, डायरी हिंजवडीत.

सर्व्हर टाका न टाका, दोन-तीन गोष्टी मात्र आज संध्याकाळी बसून करा. डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा. वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाने स्वतःच्या नावावर घेतलं असेल तर आधी ते आपल्या नावावर करून घ्या. त्याच्याशी संबंध चांगले आहेत तोवरच हे सोपं असतं. डोमेनच्या पॅनेलचा लॉगिन मेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. मेल बंद पडला तर तो दुरुस्त करायचा पासवर्ड त्याच बंद मेलवर येणार, मग बसा. बँक आणि जीएसटीला दिलेला पत्ता नव्या सर्व्हरवर लगेच नेऊ नका, सहा महिने जाऊ द्या. आणि डीमार्क लावा, आधी नुसतं बघण्यापुरतं, मग दोन-तीन महिन्यांनी रिपोर्ट वाचून क्वारंटाइन, मग रिजेक्ट. त्याने तुमच्या अचूक नावाने येणारी खोटी मेल थांबतील. तुमच्या नावातलं एक अक्षर बदलून घेतलेलं डोमेन त्याने थांबणार नाही. त्यामुळे "आमचा बँक खातं नंबर बदलला आहे" असं मेल कुणाचंही आलं, अगदी वीस वर्षांच्या सप्लायरचं, तर पैसे पाठवायच्या आधी त्यांच्या जुन्या नंबरवर फोन लावा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

पुढच्या शनिवारच्या व्हिडिओत पोस्टफिक्सला रिले कशी जोडायची ते स्क्रीनवर करून दाखवणार आहे. त्याआधी तुमच्या डोमेनचं एसपीएफ एकदा तपासून ठेवा.

आणि हो, त्या कंपनीचं दरपत्रक पुढच्या वर्षी पुन्हा निघालं. मी मेल पाठवलं, रिलेवरून. दुसऱ्या दिवशी कोटेशनची छापील प्रत घेऊन स्वतः गेलो. मॅडम म्हणाल्या, "मेल मिळालाय की, कशाला आलात एवढ्या उन्हात?" चहा झाला. बोलता बोलता कळलं की त्यांना आता खोक्याबरोबर कोपरे संरक्षक पट्ट्याही लागतात, आणि ते चौकशीच्या मेलमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं.